डोळ्यांना दिसलेला सूर्यास्त फोटोत का उतरत नाही?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात हर्णैला तीन दिवस मुक्काम होता. तिन्ही संध्याकाळी किनाऱ्यावरून सूर्यास्ताचे फोटो काढले, काही मोबाइलवर, काही १८-५५ची किट लेन्स लावलेल्या डीएसएलआरवर. समोर आभाळ केशरी-तांबडं झालेलं दिसत होतं. फोटोत मात्र ते फिकट पिवळं आलं, सूर्याच्या जागी पांढरा ठिपका उमटला आणि होड्या, माणसं, खडक सगळे काळे पडले. कॅमेरा बदलावा का, की फिल्टर घ्यावेत?

कॅमेरा बदलू नका. फिल्टरही आत्ता घेऊ नका. मी बावीस वर्षं कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर संध्याकाळचे फोटो काढतो आहे. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारी मी शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या फोटोंत पाहिल्या आहेत, दोन-तीन लाखांचा कॅमेरा गळ्यात असलेल्यांच्याही. तिन्हींचं मूळ एकच आहे. इतर फोटोंत प्रकाशाचा उगम चौकटीबाहेर असतो, इथे तोच चौकटीत आहे. सूर्य आणि त्याच्या समोरची होडी यांच्या उजेडात इतका फरक असतो की कुठल्याही कॅमेऱ्याला एका फटक्यात दोन्ही नीट टिपता येत नाही. काय सोडून द्यायचं ते फोटो काढणाऱ्याने ठरवायचं असतं. आपण ठरवलं नाही तर कॅमेरा ठरवतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचं ठरवतो.

डोळ्यांना हे जमतं, कारण डोळे एका जागी थांबत नाहीत. आभाळाकडे पाहताना बुबुळ आकसतं, होडीकडे वळताना सैल होतं आणि या सगळ्या तुकड्यांचं एक चित्र मेंदू जुळवून देतो. चांगला सेन्सर (कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप) एका फोटोत साधारण १२ ते १४ स्टॉपचा फरक सांभाळतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि मावळता सूर्य आभाळात स्वच्छ असेल तर तो फरक यापेक्षा बराच मोठा असतो. कॅमेऱ्याचं मीटर चौकटीतला उजेड सरासरी मधल्या राखाडीच्या आसपास आणायला बघतं. खालची अर्धी चौकट अंधारी असली की ते एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, वाढवतं आणि आभाळ उडतं, म्हणजे तपशील जाऊन पांढरं पडतं.

आता ‘फिकट पिवळं’ का, हे जरा जवळून बघू, कारण बहुतेकांचं नुकसान इथेच होतं. सेन्सरवर लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग वेगवेगळे मोजले जातात. केशरी आभाळात लाल सगळ्यात जास्त, हिरवा मध्यम आणि निळा अगदी थोडा असतो. एक्स्पोजर वाढवत गेलं की लाल आधी काठोकाठ भरतो, त्याच्यापुढे त्याला जागाच नसते. हिरवा मात्र चढत राहतो. लाल आणि हिरवा सारखे झाले की रंग पिवळा दिसतो. निळाही वर आला की पांढरा. म्हणजे तुमच्या फोटोतलं पिवळं आभाळ मुळात केशरीच होतं, लालाच्या वाटची नोंद मधेच थांबली. जेपेग फाइलमध्ये हे झालं की नंतर सॅच्युरेशन कितीही ओढा, केशरी परत येत नाही, पिवळाच भडक होतो. म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघताना पांढऱ्या आलेखावर भागवू नका. तीन रंगांचा वेगळा आलेख उघडा आणि लाल उजव्या भिंतीला चिकटला नाही ना, एवढं बघा.

करायचं कसं? तुमच्या कॅमेऱ्यावर अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी लावा (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटरची वेळ कॅमेरा ठरवतो), आयएसओ म्हणजे संवेदनशीलता १००, छिद्र एफ/८ ते एफ/११. सूर्य चौकटीच्या जरासा बाहेर राहील असा कॅमेरा बाजूला वळवा, म्हणजे चौकटीत सूर्याशेजारचं आभाळ येईल. तिथे एक्स्पोजर लॉकचं बटण दाबून धरा, परत हवी ती चौकट जुळवा आणि फोटो घ्या. सूर्य क्षितिजाच्या थोडा वर असताना साधारण एफ/११, १/२५० सेकंद अशी संख्या मिळेल. उडालेला भाग पडद्यावर दाखवणारा लुकलुकणारा इशारा चालू ठेवा. सूर्याची तबकडी लुकलुकली तर हरकत नाही, तिच्याभोवती वाटीएवढा भाग लुकलुकायला लागला तर एक स्टॉप खाली या. फाइल रॉ ठेवा, म्हणजे सेन्सरची नोंद प्रक्रिया न करता जशीच्या तशी. रॉमध्ये सावल्या पुष्कळ वर खेचता येतात, उडालेलं आभाळ मात्र आणता येत नाही, त्यामुळे चूक करायचीच तर अंधाराच्या बाजूला करा.

मोबाइलवर हेच दोन बोटांत होतं. सूर्याच्या शेजारच्या उजळ आभाळावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक झाले की बोट खाली ओढून उजेड उतरवा. त्याआधी लेन्स सुती कपड्याने पुसा. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचं तेल असतंच आणि सूर्य समोर आला की ते सगळ्या फोटोवर पसरतं. चौकटीत जो हिरवा ठिपका नाचतो, तो सूर्याचं लेन्सच्या आतलं परावर्तन. तो मध्यबिंदूच्या पलीकडे सूर्याच्या बरोबर समोर पडतो, त्यामुळे चौकट थोडी हलवून त्याला एखाद्या खडकावर किंवा बाहेर ढकलता येतं.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगछटेची मांडणी, ऑटोवर ठेवू नका. कॅमेऱ्याला केशरी छटा हा दोष वाटतो आणि तो निळा मिसळून तो ‘दुरुस्त’ करतो. ‘डेलाइट’वर ठेवा, साधारण ५२०० केल्व्हिन. काही जण ‘शेड’वर ठेवून आभाळ आणखी तांबडं करतात. मला ते पटत नाही. सूर्य बुडाल्यावर वरच्या बाजूला जी खोल निळाई येते ती त्यात गढूळ होते, आणि माझ्या मते त्या वेळेचा खरा ऐवज ती निळाईच आहे.

उरली तिसरी तक्रार, खालचं सगळं काळं येण्याची. ती तक्रार मानायचं कारण नाही. काळं येऊ द्या, फक्त त्या काळ्याला आकार हवा. मालवणच्या दक्षिणेला एका किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढताना पाहिली होती. दहा-बारा माणसं दोराला लागलेली, मागे तांबडं आभाळ. पहिले वीसेक फोटो वाया गेले. माणसं एकामागे एक असल्यामुळे सगळी मिळून एकच काळा गोळा दिसत होता. मी ओल्या वाळूत गुडघ्यावर बसलो, तशी त्यांची डोकी क्षितिजरेषेच्या वर आभाळात आली. मग थांबलो. पुढचा म्हातारा मागे रेलला, त्याचा कोपर आणि कंबर यांच्यामधून बोटभर उजेड दिसला, मागच्याने पाय फाकला आणि दोघांच्या मधला दोर ताणून सरळ झाला. त्या क्षणी १/५०० वर बटण दाबलं. त्या फोटोत कुणाचा चेहरा दिसत नाही, तरी ओढ दिसते. अंगांमधून आभाळ दिसलं पाहिजे, सगळी मेख तिथे आहे. होडी असेल तर वल्हं नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, सुटं दिसू द्या, माड असतील तर दोन झावळ्यांमध्ये फट शोधा. आणि काम करणाऱ्यांचे फोटो काढताना आधी विचारा. जाळं वर आल्यावर दोन शब्द बोललात तर पुढच्या संध्याकाळी तेच हाक मारतात.

खालचा तपशील हवाच असेल, उदाहरणार्थ खडकांवरचं शेवाळ किंवा देवळाची दीपमाळ, तर ट्रायपॉडवर दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन फोटो घेऊन नंतर जोडता येतात. दगड-देवळांना हे छान लागू पडतं. लाटांना नाही, कारण तिन्ही फोटोंत लाट वेगळ्या जागी असते आणि जोडणीत भुताटकी होते. लेन्सवर कायम चढवलेला संरक्षक यूव्ही फिल्टर मात्र सूर्यासमोर काढून ठेवा. माझी एका वर्षाची अख्खी ऑक्टोबर मालिका त्याच्यामुळे गेली. प्रत्येक फोटोत खऱ्या सूर्याच्या तिरक्या समोर एक फिका दुसरा सूर्य, आणि घरी येईपर्यंत मला तो दिसला नव्हता.

सूर्य इवलासा का येतो, हेही तुम्हाला खटकलं असणार. क्षितिजाजवळ तो मोठा भासतो, पण तो भास मनाचा आहे. आभाळात त्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश असते, सकाळी, दुपारी, संध्याकाळी तेवढीच. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात तो फोटोच्या रुंदीचा सुमारे दीडशेवा भाग भरतो. तुमच्या लेन्सच्या ५५ टोकाला सुमारे पंचेचाळिसावा भाग. तुमच्याच कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स लावली की आठवा भाग. गंमतीचा भाग पुढे आहे. सूर्याच्या व्यासाच्या जवळजवळ १०८ पट अंतरावर आपण आहोत. जपमाळेत जितके मणी, तितके पट. त्यामुळे कुठलीही वस्तू स्वतःच्या उंचीच्या किंवा लांबीच्या १०८ पट लांब गेली की सूर्याएवढी दिसते. साडेपाच फुटांचा माणूस सूर्याच्या तबकडीत बसवायचा तर तो सुमारे सहाशे फुटांवर उभा हवा, आणि ३०-३५ फुटी होडी हवी असेल तर किलोमीटरभर पाण्यात. लांब लेन्स हातात आल्यावर लोक जवळच्या वस्तूसमोर उभे राहतात आणि सूर्य का भरत नाही म्हणून खट्टू होतात. मागे सरकायला हवं असतं.

ही तबकडी पाण्याला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत आपल्याकडे सव्वादोन ते अडीच मिनिटं मिळतात. टेकलेली दिसते त्या क्षणी ती खरं तर क्षितिजाखाली गेलेली असते. हवेच्या थरांत प्रकाश वाकतो म्हणून आपल्याला ती वर दिसते, आणि खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली गेल्यामुळे तबकडी चपटी होते. त्या अडीच मिनिटांत जागा शोधायला वेळ नसतो. जागा आधी ठरलेली हवी.

आणि जागा ठरवायची तर सूर्य कुठे बुडणार ते कळायला हवं. ‘पश्चिमेला’ हे उत्तर वर्षातून दोनच दिवस बरोबर असतं. रत्नागिरीच्या अक्षांशावर जूनअखेरीस तो पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो, डिसेंबरअखेरीस तितकाच दक्षिणेला. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. परंपरेने तो ९ ते ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला होतो. १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी यांच्या बरोबर मधोमध २१-२२ डिसेंबर येतो. सूर्य दक्षिणेकडे जाताना ज्या जागी मावळला, त्याच जागी परतताना पुन्हा मावळतो, आणि मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोचतात ती याच दोन वेळांना. देऊळ बांधणाऱ्यांनी जे ध्यानात घेतलं तेच आपण घ्यायचं. हर्णैला सुवर्णदुर्ग समोर पाण्यात आहे, पण सूर्य त्याच्या तटावर उतरेल की मोकळ्या समुद्रात, हे महिन्यावर आणि तुम्ही किनाऱ्यावर कुठे उभे आहात त्यावर ठरतं. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास मावळतीची जागा रोज जवळजवळ सूर्याच्या एका रुंदीएवढी सरकते. डिसेंबरात मात्र ती आठवडाभर जागची हलत नाही म्हटलं तरी चालेल. तुम्ही तिन्ही दिवस एकाच ठिकाणी उभे राहिलात, म्हणून तिन्ही दिवस एकच चित्र मिळालं. दोनशे पावलं बाजूला सरकला असतात तर चौकट बदलली असती. मोबाइलवर दिशा दाखवणारी सूर्यपथाची अ‍ॅप आहेत, एक ठेवून घ्या.

वेळेचंही असंच. सगळ्यात लवकर सूर्यास्त सगळ्यात लहान दिवशी होतो असं वाटतं, पण कोकणात तो नोव्हेंबरच्या अखेरीस होतो, सहाच्या सुमारास. जुलैच्या सुरुवातीला सव्वासात वाजतात.

समुद्रावर तिसरी गोष्ट पाण्याची. याचा विचार फोटो काढणारे फारच कमी करतात. कोळीवाड्यात जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. त्या संध्याकाळी पुळण पाण्याखाली असते, लाटा खडकांवर फुटतात, फोटो काढायचा तो फुटणाऱ्या पाण्याचा. पौर्णिमा-अमावास्येला भरती सकाळी सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे साडेपाचला ओहोटी पूर्ण, आणि सूर्य बुडताना पाणी आत येत असतं. मला सगळ्यात आवडतात त्या प्रतिपदा ते तृतीयेच्या संध्याकाळी. तेव्हा सूर्यास्ताला पाणी अजून मागे हटत असतं, आणि लाट परतल्यावर वाळूवर चार-पाच सेकंद पाण्याचा काचेसारखा पापुद्रा राहतो. त्यात अख्खं आभाळ दिसतं. खालची अर्धी चौकट काळी पडण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण खालीही आभाळच असतं. कॅमेरा गुडघ्याच्या खाली आणा, लाट परतू द्या आणि पापुद्रा मुरायच्या आत बटण दाबा. जागेप्रमाणे या हिशेबात तासाभराचा फरक पडतो, तेव्हा त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघूनच खडकांवर उतरा. उधाणाच्या दिवसांत चढत्या पाण्यात खडकावर पाठ फिरवून उभं राहू नका. परतीची वाट कमरेएवढ्या पाण्यात गेलेली मी पाहिली आहे.

हवेबद्दल एक समज सगळीकडे पसरलेला आहे, की धूळ-धूर जास्त तितका सूर्यास्त सुंदर. तसं नाही. मावळतीचा प्रकाश डोक्यावरच्या उन्हाच्या तुलनेत जवळजवळ चाळीसपट हवा ओलांडून येतो, आणि त्या वाटेत निळा रंग विखरून जाऊन तांबडा उरतो. त्यासाठी स्वच्छ हवा पुरते. जमिनीलगतचं धुरकट रंग मंद करतं. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत सूर्य क्षितिजाला पोचायच्या आधीच धुरकटात विरतो, ते यामुळे. पण अशा संध्याकाळी हात हलवत परतू नका. तबकडी मऊ आणि लालबुंद झालेली असते, उजेडाचा फरक आपोआप कमी झालेला असतो. लांब लेन्सने तबकडीसमोरची होडी टिपायची तर हीच वेळ. मोठ्या आभाळासाठी पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर आणि मेअखेरचे वळवाचे दिवस राखून ठेवा.

ढग वर असले म्हणजे आभाळ रंगेलच असं नाही. नऊ किलोमीटर उंचीवरच्या पिसासारख्या ढगांना सूर्यास्तानंतर जो प्रकाश खालून उजळतो, तो समुद्रावर तीन-साडेतीनशे किलोमीटर पलीकडे क्षितिजाला घासून येत असतो. तिथे दाट ढग असले की वाट बंद होते आणि आपल्या डोक्यावरचे सुंदर ढग राखाडीच राहतात. म्हणून मी निघण्याआधी भारतीय हवामान विभागाच्या उपग्रह चित्रात अरबी समुद्र बघतो. किनाऱ्यावर ढग आणि पलीकडे मोकळी पट्टी दिसली की चहा अर्धा टाकून निघतो.

तुमच्या पत्रात एक वाक्य होतं: ‘सूर्य बुडाला तसे आम्ही परत फिरलो.’ मला सगळ्यात हळहळ त्याची वाटली. आपल्या अक्षांशावर सूर्य बराच उभा खाली येतो, त्यामुळे सोनेरी ऊन जेमतेम पंचवीस मिनिटं टिकतं आणि सूर्य बुडाल्यानंतरचा संधिप्रकाशही तेवढाच. आधीच्या पंचवीस मिनिटांत किनारा भरलेला असतो, नंतरच्या पंचवीस मिनिटांत मी बहुतेक वेळा एकटा असतो. बुडाल्यावर पहिली काही मिनिटं सगळं विझल्यासारखं होतं. लोक इथेच उठतात. मग दहाव्या-बाराव्या मिनिटाला वरचे ढग खालून गुलाबी, मग शेंदरी होतात, आणि आता चौकटीत सूर्य नसल्यामुळे वर सांगितलेली सगळी झटापट संपलेली असते. आभाळ आणि वाळू यांच्या उजेडातला फरक कुठल्याही कॅमेऱ्याच्या आवाक्यात येतो. होड्यांवरचे रंग दिसतात, नाळेवर रंगवलेले डोळेही दिसतात. शटर पाव सेकंदापर्यंत उतरतं, म्हणून ट्रायपॉड लागतो, नसेल तर होडीच्या काठावर कॅमेरा टेकवा. एकदा मागे वळूनही बघा. पूर्वेला क्षितिजालगत निळसर करड्या रंगाचा पट्टा चढत असतो आणि त्याच्यावर फिका गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची सावली. पौर्णिमा असेल तर चंद्र त्याच सुमारास तिथून वर येतो.

जपणुकीचं थोडं. डीएसएलआरच्या काचेच्या खिडकीतून, विशेषतः लांब लेन्स लावून, सूर्याकडे पाहू नका. पडद्यावर लाइव्ह व्ह्यूमध्ये चौकट जुळवा. फोटो घेत नसाल तेव्हा लेन्सला टोपी लावा किंवा कॅमेरा दुसरीकडे वळवा, कारण लेन्स म्हणजे शेवटी भिंगच आणि ती सूर्य आतल्या पडद्यांवर गोळा करते. फोकस सूर्यावर करू नका, क्षितिजाच्या कडेवर किंवा होडीच्या काठावर करा आणि मग मॅन्युअलवर टाका. खाऱ्या तुषारांचा थर लेन्सवर दर दहा मिनिटांनी बसतो, तो नुसता पुसला तर मीठ काचेवर घासलं जातं. आधी फुंकणीने उडवा, मग ओलसर मऊ कापड, मग कोरडं. ट्रायपॉडचे पाय घरी आल्यावर त्याच रात्री गोड्या पाण्यात बुडवून धुवा, सगळे सांधे उघडे ठेवून वाळवा. सकाळपर्यंत ठेवलेत तर वाळू आणि मीठ मिळून स्क्रू धरून ठेवतात.